तीन रूळमार्गांच्या मधली पवनी

मध्यप्रांताचा १९०८ नंतरचा एखादा नकाशा पुढे पसरून नागपूर, गोंदिया आणि नागभीड ही तीन ठिकाणे जोडणाऱ्या लोहमार्गांच्या रेघांवरून बोट फिरवले, तर एक ओबडधोबड त्रिकोण हाती लागतो. त्याची उत्तरेकडील बाजू कलकत्त्याच्या रोखाने जाणाऱ्या रुंद मापाच्या मार्गाची आहे, आणि उरलेल्या दोन बाजू अडीच फुटी अरुंद रुळांच्या. या त्रिकोणाच्या पोटात, वैनगंगेच्या उजव्या तीरावर, तटबंदी आणि खंदक यांच्या वेढ्यात पवनी वसलेली आहे. तिन्ही बाजूंपैकी एकीनेही तिला स्पर्श केलेला नाही. नैर्ऋत्येकडून जाणाऱ्या नागपूर-नागभीड मार्गावर रेल्वे कंपनीने तिच्या नावाचे एक स्थानक बांधले खरे, परंतु ते गावापासून दोन-तीन कोस दूर. म्हणून त्याच्या पाटीवर ‘पवनी रोड’ असे लिहावे लागले. एका प्राचीन नगराला नवे युग असे वळसा घालून का गेले, आणि वळसा घालून गेलेल्या त्या आगगाडीने पुढील शतकभर या मुलखाची चाकरी कशी बजावली, याचा वृत्तांत मांडण्याजोगा आहे.

पवनीचे प्राचीनत्व केवळ स्थलपुराणावर विसंबलेले नाही. गावालगतच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते यांनी शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले, तेव्हा विटांच्या एका विशाल बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले आणि या वस्तीचा इतिहास मौर्यकाळापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे मागे नेता आला. महाक्षत्रप कुमार रुपिअम्माचा छायास्तंभ येथेच मिळाला, आणि भार वंशाच्या भगदत्त राजाचा शिलालेखही येथलाच, वा. वि. मिराशींसारख्या साक्षेपी पंडिताला या लेखांवर लेखणी चालवावीशी वाटली. क्षत्रपाचा स्तंभ वैनगंगेच्या काठी कसा, या प्रश्नाचे उत्तर विद्वानांनी आपापल्या परीने दिले आहे. आपल्या प्रयोजनापुरते एवढे पुरे की, ज्या काळी चाकोऱ्या आणि नावा हेच दळणवळणाचे साधन होते, त्या काळी पवनी मार्गावर होती, मार्गाच्या कडेला नव्हती. भोसल्यांच्या अमदानीतही तिचा दरारा ओसरला नव्हता. घाटांच्या दगडी पायऱ्या, वैजेश्वराचे देवालय, पंचमुखी गणेश आणि गल्लोगल्ली विखुरलेली देवळे यांमुळे भाविक लोक या गावाला विदर्भाची काशी म्हणत आले. आणि कोष्टी समाजाच्या मागांवर निघणारे बारीक सुताचे, रेशीमकाठी वस्त्र हे गावाचे दुसरे भूषण. रसेलने संपादिलेल्या भंडारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरात या विणकामाचा गौरवाने उल्लेख आहे. ते गॅझेटिअर १९०८ सालचे. गावाच्या कसबाची नोंद सरकारदप्तरी व्हावी आणि त्याच सुमारास आगगाडीने गावाला बगल द्यावी, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आगगाडीच्या आधी सरकारच्या मनात नदी होती, ही गोष्ट आता बहुतेकांच्या स्मरणातून गेली आहे. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, आणि सर रिचर्ड टेंपल हे चीफ कमिशनर म्हणून आले, तेव्हा वऱ्हाड-नागपूरचा कापूस समुद्रापर्यंत न्यायचा कसा या विवंचनेतून वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांवर जलवाहतुकीचा मार्ग उघडण्याची योजना हिरिरीने चालली होती. सर आर्थर कॉटन यांच्या कल्पनेतून निघालेल्या आणि कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली सुरू झालेल्या या कामात नदीपात्रातील खडकांचे अडथळे ओलांडण्यासाठी बंधारे, कालवे आणि दारे बांधावयाची होती. योजना तडीस जाती, तर वैनगंगेच्या काठावरील पवनीसारख्या घाटबंद गावाचे भाग्य कोणत्या दिशेने वळले असते याची कल्पना करता येते. परंतु वैनगंगा ही पावसाळ्यात उधाणणारी आणि उन्हाळ्यात वाळूच्या पट्ट्यांमधून वाट काढणारी नदी. तिच्या भरवशावर बारमाही व्यापार चालविणे हा हिशेब मुळातच लंगडा होता. शिवाय १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची गाडी मुंबईहून थेट नागपुरात येऊन थडकली आणि कापसाला पश्चिमेचा रस्ता मिळाला. १८७१ च्या सुमारास नदीची योजना गुंडाळण्यात आली. त्या दिवसापासून पवनीचे दळणवळण पुन्हा बैलांच्या खांद्यावर आले.

नागपूरच्या पूर्वेस रूळ नेण्याचे श्रेय प्रथम नागपूर-छत्तीसगड सरकारी रेल्वेकडे जाते. मीटर मापाचा हा मार्ग १८८२ पर्यंत राजनांदगावला पोहोचला. त्याने भंडारा जिल्ह्याचा उत्तर भाग जोडला, पण भंडारा शहर स्वतः मात्र त्याच्या दक्षिणेस कित्येक मैल राहिले आणि वरठी येथील स्थानकाला ‘भंडारा रोड’ म्हणण्याची पाळी आली. तुमसरचीही तीच कथा. म्हणजे गावाला स्थानक न देता स्थानकाला गावाचे नाव देण्याचा हा रिवाज पवनीच्या वाट्याला आला त्याच्या पंचवीस वर्षे आधीच या जिल्ह्यात रुळला होता. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली; तिने हा मार्ग ताब्यात घेऊन रुंद केला आणि १८९१ मध्ये तो आसनसोलपर्यंत नेऊन भिडवला. कलकत्त्यातील गार्डन रीच येथे मुख्य कचेरी असलेल्या या कंपनीला आमच्या भागातील जुनी माणसे ‘बी. एन. आर.’ या तीन अक्षरांनी ओळखत, आणि सरकार जाऊन दुसरे सरकार आले तरी त्यांच्या तोंडून ती अक्षरे गेली नाहीत.

मग आले दोन दुष्काळ. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन अवर्षणांनी मध्यप्रांताची जी दैना केली, तिची वर्णने तत्कालीन अहवालांच्या कोरड्या भाषेतही वाचवत नाहीत. धान्य एका जिल्ह्यात आणि भुकेलेली माणसे दुसऱ्या जिल्ह्यात, मध्ये जंगल आणि चिखल, अशी अवस्था पाहून सरकारला उमगले की, रुंद रुळांचा एक राजमार्ग पुरेसा नाही, त्याला फाटे हवेत. आणि फाटे हवेत तर ते स्वस्त हवेत. अडीच फुटी मापाचा लोहमार्ग हे त्यावरचे उत्तर होते. त्याला रूळ हलके लागतात, वळणे आखूड घेता येतात, भराव आणि पूल अरुंद चालतात, आणि डोंगर फोडण्यापेक्षा डोंगराला वळसा घालणे परवडते. गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरकडे जाणारी सातपुड्यातील गाडी १९०३ ते १९०५ च्या दरम्यान याच न्यायाने सुरू झाली. तिच्या पाठोपाठ दक्षिणेकडील झाडीपट्टीची पाळी आली. १९०८ च्या सुमारास गोंदियाहून एक आणि नागपूरहून दुसरी अशा दोन अरुंद वाटा नागभीडला येऊन मिळाल्या आणि तेथून १९१३ पर्यंत चांद्याच्या किल्ल्यापर्यंत गेल्या.

येथे एक शंका उपस्थित होते. नागपूरहून नागभीडला जाताना वैनगंगा ओलांडावी लागत नाही. पवनीही नदीच्या त्याच, म्हणजे पश्चिमेकडील, तीरावर आहे. मग थोडा बाक देऊन गाडी पवनीतून नेण्यास अडचण काय होती? कंपनीच्या अभियंत्यांनी हा विचार कोणत्या शब्दांत केला हे सांगण्याचा मोह मी टाळतो. पण भूगोल आणि जमाखर्च या दोघांची साक्ष काढली तर उत्तर दडून राहत नाही. पवनी नदीच्या अगदी कुशीत आहे. नदीकाठच्या काळ्या, पाण्याने फुगणाऱ्या जमिनीतून आणि पुराच्या पट्ट्यातून भराव घालीत जाण्यापेक्षा कुही, उमरेड, भिवापूर अशी नदीपासून अंतर राखणारी, नाल्यांच्या उगमाजवळून जाणारी वाट कमी खर्चाची होती. आणि दुसरे कारण अधिक स्पष्ट आहे. या मार्गाचे खरे गिऱ्हाईक चांद्याकडचे अरण्य होते. सागवान, बांबू, लाख, मोहफुले, पुढे तेंदूपत्ता, आणि त्याच्या जोडीला धानाची पोती: ज्या मालावर कंपनीची नजर होती, तो दक्षिणेकडून येणार होता. पवनीचे रेशीमकाठी लुगडे डोक्यावरच्या गाठोड्यात मावते; त्याच्यासाठी कोणी मालडबा जोडत नाही.

पवनीकरांनी म्हणून आपली सोय आपणच केली. गावातून स्थानकाकडे जाण्याची वाट खासरांनी आणि दमण्यांनी मळून काढली. ज्यांनी खासर पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगावयाचे तर, ते या धानाच्या मुलखातील, चिखलात रुतणार नाही अशा बेताने बांधलेले वाहन. दमणी मात्र हलकी, वर छत असलेली, लेकुरवाळ्या बायका आणि म्हाताऱ्या माणसांसाठी. स्थानकापर्यंतच्या वाटचालीचाच वेळ गाडीतल्या प्रवासाच्या निम्म्याला भिडे, आणि पावसाळ्यात तो किती वाढेल याचा भरवसा बैलांनाही नसे. एवढे करून मनुष्य फलाटावर पोहोचला, की खिडकीतून पुठ्ठ्याचे जाड तिकीट मिळे. बाबू ते तारीख ठोकण्याच्या लोखंडी यंत्रात घालून खट्‌कन दाबी, आणि तो आवाज ऐकला म्हणजे आपण आता खरोखर नागपूरला निघालो अशी खेड्यातल्या माणसाची खात्री पटे.

गाडी लहान होती, हे तिच्या प्रत्येक अवयवावरून जाणवे. डबे इतके अरुंद की समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागत, आणि त्यामुळे अनोळखीपणा फार वेळ टिकत नसे. प्रारंभीच्या काळात ग्लासगोहून आणवलेली इंजिने या मार्गांवर धावली. त्या जातीची इंजिने आपल्या मापाच्या मानाने मोठी ताकदवान असत, तरी चढावर त्यांची धाप ऐकू येई. पुढे वाफ गेली आणि डिझेल आले, तरी वेग फारसा वाढला नाही. शंभर किलोमीटरांहून किंचित जास्त अंतराला चार-पाच तास लागत, याबद्दल उतारूंची कुरकूर असली तरी तक्रार नव्हती, कारण ज्यांचा वेळ घड्याळाने मोजला जात होता ते लोक या गाडीने जातच नव्हते. नागपूरकर तिला ‘छोटी लाईन’ म्हणत. त्या म्हणण्यात कौतुक आणि तुच्छता यांचे प्रमाण बोलणाऱ्याच्या कपड्यांवरून ठरे.

नागपूरच्या बाजूला ती इतवारीत थांबे, ही या गाडीची सर्वांत मोठी सोय होती. इतवारी म्हणजे नागपूरच्या घाऊक व्यापाराचे मर्मस्थान. धान्याचे अडते, किराण्याचे ठोक दुकानदार, सुताचे आणि कापडाचे व्यापारी हे सारे स्थानकापासून हाकेच्या अंतरावर. भिवापूरच्या मिरच्यांचे, ज्या आज भौगोलिक मानांकनाने मिरवतात त्यांचे, बोचके घेऊन चढलेल्या मनुष्याला शहरात दुसरे वाहन शोधावे लागत नसे. त्याने उतरावे, माल दाखवावा, पैसे गाठीस बांधावे, लग्नाचा बस्ता घ्यावयाचा असल्यास तोही घ्यावा, आणि परतीची गाडी धरावी. दिवाळीनंतर गावोगावी मंडईचे दिवस आले, दंडारी आणि नाटकांचे तंबू उभे राहिले, की याच डब्यांतून लेकी माहेरी येत आणि पाहुणे पाहुणचाराला जात. पवनीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तूंविषयी पंडित जे लिहितील ते लिहोत. गावाच्या अलीकडच्या सामाजिक इतिहासाचा एक मोठा भाग या अरुंद बाकांवर घडला आहे.

परंतु इतवारीतच या मार्गाची दुखरी नसही होती. रुंद आणि अरुंद मापांचा संगम जेथे होतो, तेथे मालाची अदलाबदल करावी लागते. लहान डब्यातले प्रत्येक पोते हमालाने पाठीवर घेऊन मोठ्या डब्यात टाकावयाचे, म्हणजे हमाली दुप्पट, सांडलवंड वेगळी, आणि खोळंबा किती होईल ते सांगता येत नाही. स्वस्त म्हणून बांधलेला मार्ग चालवावयास महाग पडू लागला, तो याच कारणाने. पुढे उमरेडला दगडी कोळशाच्या खाणी सुरू झाल्या, तेव्हा कोळसा या छोट्या गाडीने नेण्याचा विचार कोणी केला नाही. त्यासाठी बुटीबोरीहून उमरेडपर्यंत रुंद रुळांचा स्वतंत्र फाटा टाकण्यात आला. एकाच गावात दोन मापांच्या गाड्या येत आणि त्यांची एकमेकींशी ओळख नसे.

पवनीच्या कोष्ट्यांविषयी एक समज असा आढळतो की, रेल्वे गावात आली असती तर त्यांचा धंदा तरला असता. मला हे पटत नाही. उमरेडचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. उमरेडही विणकरांचे गाव, तेथलीही काठाची धोतरे नावाजलेली, आणि त्याला तर लोहमार्ग दाराशी मिळाला. तरी तेथील मागांवरचे संकट टळले नाही. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, आणि मुंबईच्या गिरण्यांचे कापड तर त्याच्याही आधीपासून गाडीने येत होते. आगगाडी ज्या वाटेने सूत आणते त्याच वाटेने तयार लुगडेही आणते, आणि ते स्वस्त असते. पवनीला जे नुकसान सोसावे लागले ते स्थानक दूर असल्यामुळे थोडेसे उशिरा सोसावे लागले, असेही कोणी म्हणू शकेल. गावाची खरी हानी निराळ्या ठिकाणी झाली. स्थानकाभोवती ज्या वखारी, गिरण्या, दलालांच्या पेढ्या उभ्या राहतात आणि ज्यांच्यामुळे तालुक्याच्या गावाला नव्या काळातील धंदा मिळतो, त्या पवनीत उभ्या राहिल्या नाहीत. वडसा आणि नागभीड ही ठिकाणे जंक्शन किंवा बाजारपेठ म्हणून वाढत असताना पवनी आपल्या देवळांच्या शिखरांकडे पाहत राहिली.

यानंतरची हकिकत थोडक्यात सांगता येते. १९४४ मध्ये सरकारने कंपनीकडून कारभार आपल्या हाती घेतला. १९५२ मध्ये पूर्व रेल्वे, १९५५ मध्ये दक्षिण-पूर्व रेल्वे, आणि २००३ मध्ये बिलासपूरला मुख्यालय असलेली दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वे, असे मालक बदलत गेले. त्याच काळात प्रांतही बदलले. १९५६ मध्ये भंडारा आणि नागपूर हे जिल्हे मध्यप्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. या फेरबदलांत छोट्या लाईनला कोणी वाली उरला नाही, कारण तिची उतारू-मंडळी महाराष्ट्रात आणि तिचे अधिकारी दूर छत्तीसगडाच्या रोखाने. शिवाय एस. टी. आली. मोटारीने ती गोष्ट एका दमात केली जी आगगाडीने अर्धशतकात केली नव्हती: ती पवनीच्या वस्तीत येऊन उभी राहिली. नव्वदीच्या दशकात गोंदिया-नागभीड-चांदा हा मार्ग रुंद झाला, आणि नागपूर-नागभीड ही अडीच फुटी वाट दोन्ही टोकांना रुंद रुळांमध्ये कोंडली गेली. तिकीट स्वस्त होते, म्हणून मजूर, दूधवाले, विद्यार्थी आणि तीर्थयात्रेला निघालेली म्हातारी माणसे तिला धरून राहिली. ज्याच्या खिशात दोन रुपये जास्त होते तो बसने गेला.

नोव्हेंबर २०१९ च्या अखेरीस या मार्गावरची अरुंद गाडी बंद झाली. रुंदीकरणाचे काम राज्याच्या आणि रेल्वेच्या भागीदारीतून निर्माण झालेल्या ‘महारेल’ या महामंडळाकडे सोपविण्यात आले. रूळ उखडले जात असताना एक नवीच हरकत पुढे आली, जी १९०८ च्या अभियंत्यांना स्वप्नातही सुचली नसती. उमरेड-पवनी-कऱ्हांडला या अभयारण्याच्या परिसरातून आणि ताडोबाकडे जाणाऱ्या वाघांच्या वाटांवरून वेगवान, जड गाड्या धावू लागल्या तर वन्य पशूंचे काय, असा प्रश्न निसर्गप्रेमी मंडळींनी केला. ताशी पंचवीस-तीस किलोमीटरांनी चालणारी छोटी गाडी पाहून रानडुकरेसुद्धा सवडीने बाजूला होत. त्याच ठिकाणी आता प्राण्यांसाठी भुयारी वाटा आणि उन्नत मार्ग यांच्या चर्चा कराव्या लागल्या. ज्या अरण्याचे सागवान बाहेर काढण्यासाठी रूळ टाकले, त्याच अरण्याचा उरलेला भाग राखण्यासाठी रुळांनी वळावे की नाही, एवढा पालट शंभर वर्षांत झाला.

छोट्या गाडीची काही इंजिने आणि डबे नागपूरच्या मोतीबाग येथील नॅरो गेज रेल्वे संग्रहालयात ठेवलेले आहेत. २००२ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात शाळेची मुले डब्यांत चढून गुडघे टेकून पाहतात आणि हसतात. मार्गाच्या कर्त्यांचा विचार मात्र फारसा बदललेला दिसत नाही. नवा रुंद मार्ग झाल्यावर नागपूरहून दक्षिणेकडे, बल्लारशाहच्या दिशेने, सेवाग्रामच्या गर्दीच्या वाटेला एक पर्याय मिळेल, मालगाड्या तिकडून वळविता येतील, हे त्याच्या समर्थनातील मोठे कलम आहे. म्हणजे आजही हिशेब आहे तो या मुलखातून पार जाणाऱ्या मालाचा. पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण झाले, ज्याची कोनशिला राजीव गांधींनी १९८८ मध्ये बसविली. नदीचे पात्र फुगले, गावे उठली, मासेमारी आणि पर्यटन यांच्या नव्या आशा जागल्या, तरी रुळांची आखणी जुन्याच वाटेने राहिली. पवनीकराला गाडी धरावयाची झाली तर स्थानकापर्यंतचे ते दोन-तीन कोस अजूनही स्वतःच्या सोयीने काटावे लागणार आहेत, खासराच्या जागी ऑटोरिक्षा आली एवढेच. तेव्हा वेगवान गाड्यांचे वेळापत्रक आखणाऱ्यांनी पवनी रोडला थांबा देताना गावातून सुटणाऱ्या पहिल्या बसची वेळ एकदा विचारून घेतली, तर त्यात खात्याचा एक पैसाही खर्ची पडणार नाही.